नर्सिंग प्रवेशाचे नकारपत्र आणि न मागितलेले गुण

प्रश्न: मी ३९ वर्षांची असून कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे पती आणि दोन मुलांसह राहते. पुणे विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर पुण्यातील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत चार वर्षे काम केले आणि २०१८ मध्ये एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळणारा व्हिसा) येथे आले. पतींचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असल्यामुळे मला कामाचा परवाना आहे. मुले शाळेत जाऊ लागल्यावर अडीच वर्षे कम्युनिटी कॉलेजात (कमी शुल्काच्या सरकारी कॉलेजात) नर्सिंगसाठी लागणारे विषय पूर्ण केले. अ‍ॅनाटॉमी व मायक्रोबायॉलॉजीत ‘ए’, फिजिऑलॉजीत ‘बी’ आणि टीज या नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेत ८१ टक्के मिळाले. घराजवळच्या एका कॉलेजात अर्ज केला. मला १०० पैकी ७१ गुण मिळाले, प्रवेश ७६ गुणांवर थांबला आणि नकारपत्र आले. गुणतक्ता सोबत जोडला आहे. आता एका खासगी कॉलेजातून दर आठवड्याला फोन येतो. तेथे येत्या सत्रातच प्रवेश मिळेल, परंतु एकूण खर्च एक लाख डॉलरच्या वर जातो. पती म्हणतात, बचत मोडू. सासूबाई म्हणतात, एम.एस्सी. झालेल्या मुलीने नर्स कशाला व्हायचे? मी पुन्हा अर्ज करावा, खासगी कॉलेजात जावे, की हा नाद सोडून द्यावा?

उत्तर:

प्रिय ताई,

तुम्ही जोडलेला गुणतक्ता मी दोनदा वाचला आणि दुसऱ्या वाचनात मला फार हळहळ वाटली, कारण तुमच्या अभ्यासात काही उणे होते म्हणून ही जागा गेलेली नाही. विषयांतील श्रेणी आणि टीज परीक्षा मिळून ८२ गुण होते, त्यांपैकी ७१ तुम्ही मिळवलेत. उरलेले १८ गुण चार रकान्यांचे होते: पदवीचे पाच, कामाच्या अनुभवाचे पाच, जीवनातील परिस्थितीचे पाच आणि इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेचे तीन. या चारही रकान्यांत तुमच्या नावापुढे शून्य आहे. जागा पाच गुणांनी गेली आणि एम.एस्सी. झालेल्या बाईला पदवीच्या रकान्यात काहीही मिळाले नाही. हे गुण तुमचे नव्हते असे नाही. तुम्ही ते मागितले नाहीत, आणि कागद जोडून मागितल्याशिवाय ही कॉलेजे एकही गुण देत नाहीत.

आपण ज्या पद्धतीत वाढलो तिच्यात गुणपत्रिका एकदा खिडकीतून आत सरकवली की पुढची गुणवत्ता यादी दुसरे कोणी तरी लावत असे, आणि आपण भिंतीवर नाव शोधायला जायचो. येथील कम्युनिटी कॉलेजच्या नर्सिंग विभागात अर्ज हा दावा असतो. तपासणाऱ्या व्यक्तीसमोर शेकडो पाकिटे असतात, तिच्या हातात ठरलेला तक्ता असतो, आणि पाकिटात जे नाही ते तिने गृहीत धरायचे नाही असा तिला नियमच असतो. नकारपत्र वाचून तुम्हाला वाटले असेल की आपल्याला पारखून बाजूला ठेवले. प्रत्यक्षात तुमची पारख झालीच नाही, फक्त कागद मोजले गेले. म्हणून माझे उत्तर आधीच सांगते: नाद सोडू नका, बचतही मोडू नका, येत्या फेरीत पुन्हा अर्ज करा, मात्र एकाच कॉलेजात नव्हे आणि याच पाकिटाने नव्हे.

हे चार रकाने कोणा एका कॉलेजाच्या मर्जीतून आलेले नाहीत. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेने कम्युनिटी कॉलेजांना नर्सिंगसाठी अनेक निकषांवर आधारलेली निवड करण्याची मुभा दिली आहे आणि त्या निकषांत काय काय धरता येईल तेही लिहून ठेवले आहे: आधीच्या पदव्या आणि प्रमाणपत्रे, संबंधित विषयांतील जी.पी.ए. (श्रेणींची सरासरी), कामाचा किंवा स्वयंसेवेचा अनुभव, जीवनातील खडतर परिस्थिती आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषेवरील प्रभुत्व. भाषांच्या यादीत स्पॅनिश, टॅगालॉग, चिनी, फारसी यांच्यासोबत भारतीय उपखंडातील भाषांचाही स्पष्ट उल्लेख आहे. फ्रीमाँटच्या कोणत्याही रुग्णालयात एखादी मराठी आजी इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला नुसती मान हलवते, आणि तिला नेमके कुठे दुखते आहे हे मुलगा कामावरून येईपर्यंत कोणालाच कळत नाही, हे मी परिचारिका म्हणून माझ्या वॉर्डात अनेकदा पाहिले आहे. ते गुण याचसाठी ठेवलेले आहेत. तुम्ही दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला असाल, तर महाराष्ट्र राज्य मंडळाची मराठी प्रथम भाषा असलेली गुणपत्रिका शोधून काढा. काही ठिकाणी असा शैक्षणिक पुरावा चालतो, काही ठिकाणी मान्यताप्राप्त भाषाचाचणी द्यावी लागते. त्या कॉलेजाच्या नर्सिंग समुपदेशकाला ई-मेल करून विचारा आणि आलेले उत्तर जपून ठेवा.

पदवीच्या रकान्यासाठी भारतीय पदवीचे मूल्यांकन लागते. वेस ही संस्था किंवा नासेस या मूल्यांकन संस्थांच्या संघटनेची सभासद असलेली दुसरी संस्था चालते, परंतु अहवाल विषयवार मागवा. नुसता ‘ही पदवी अमेरिकेतील अमुक पदवीच्या बरोबरीची आहे’ एवढे सांगणारा अहवाल स्वस्त पडतो, पण बहुतेक वेळा पुरत नाही. विद्यापीठाकडून गुणपत्रके थेट संस्थेकडे जावी लागतात, आणि या पायरीवर महिने जातात हे धरून चाला. तुमच्या बाबतीत दोन बारीक अडचणी मला आताच दिसतात. पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, त्यामुळे तुमच्या पदवी प्रमाणपत्रावरचे नाव आणि आज निघणाऱ्या गुणपत्रकावरचे नाव वेगवेगळे असेल. तसेच पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असेल, तर विवाह प्रमाणपत्राची प्रत प्रत्येक पाकिटात घाला. केवळ नाव जुळत नाही म्हणून कागद बाजूला ठेवला गेल्याची उदाहरणे मला माहीत आहेत, आणि त्यात दोष कोणाचाच नसतो. समोरच्या व्यक्तीला आपल्याकडची नाव बदलण्याची रीत ठाऊकच नसते.

मूल्यांकनाचा उपयोग पदवीचे गुण मिळवण्यापुरताच होईल असे धरा. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी हे तीन विषय अनेक कॉलेजे अमेरिकेतील मान्यताप्राप्त संस्थेतूनच आणि प्रयोगशाळेसह मागतात. तुम्ही ते येथे पुन्हा केलेत, हे योग्यच झाले. सूक्ष्मजीवशास्त्रातली पदव्युत्तर बाई अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांसोबत बसून पुन्हा ग्रॅम स्टेनिंग शिकते तेव्हा मनाला काय वाटते, हे मला सांगावे लागणार नाही, पण ते दुःख आता मागे पडले आहे. काही कॉलेजांत विज्ञानाच्या विषयांना पाच किंवा सात वर्षांची मुदत असते, एवढे मात्र तारखांसह लिहून ठेवा.

फिजिऑलॉजीतल्या ‘बी’बद्दल तुम्हाला खेद वाटत असेल. तो येथेच थांबवा. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत ‘सी’ किंवा त्याहून चांगली श्रेणी मिळालेला विषय केवळ श्रेणी वाढवण्यासाठी सहसा पुन्हा घेता येत नाही. शिवाय राज्यातली अनेक कॉलेजे एक सूत्र वापरतात, ज्यात कॉलेजातील एकूण जी.पी.ए., इंग्रजीचा जी.पी.ए., तीन मूळ जीवशास्त्रीय विषयांचा जी.पी.ए. आणि ते विषय किती वेळा पुन्हा घेतले या चार गोष्टी धरल्या जातात. तुम्ही तीनही विषय पहिल्या प्रयत्नात पूर्ण केले आहेत, आणि हे तुमचे मोठे बळ आहे. तुमची टीजही उत्तम आहे. येथे अनेक कॉलेजांची किमान अट ६२ टक्क्यांची असते, तुम्हाला ८१ आहेत. १७० प्रश्न आणि २०९ मिनिटांची ती परीक्षा पुन्हा देऊन दोन-तीन टक्के वाढवण्यापेक्षा तोच वेळ रिकाम्या रकान्यांवर घालवा. त्यातही, पुढच्या ज्या कॉलेजात अर्ज कराल ते पहिल्या प्रयत्नाचेच गुण धरते की सर्वोत्तम प्रयत्नाचे, हे आधी वाचा.

कामाच्या अनुभवाबाबत सावधपणे लिहिते, कारण येथे कॉलेजाकॉलेजांत खूप फरक आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेतील चार वर्षांत तुम्ही स्वतः रुग्णांचे रक्त घेत असाल, वॉर्डात जाऊन नमुने गोळा करत असाल, तर तसे स्पष्ट लिहिलेले, तारखा आणि साधारण तास दिलेले पत्र रुग्णालयाच्या लेटरहेडवर मागवा. काम केवळ सूक्ष्मदर्शकासमोरचे असेल, तर ते रुग्णसेवा म्हणून मांडू नका. काही कॉलेजे अलीकडच्या काळातला आणि अमेरिकेतलाच अनुभव धरतात, तेव्हा या पत्रावर एकट्यावर विसंबूनही राहू नका. माझा आग्रह असा की तुम्ही या वर्षात सी.एन.ए.चे, म्हणजे परिचारिकेच्या सहायकाचे, प्रशिक्षण घ्यावे. कॅलिफोर्नियात ते १६० तासांचे असते, त्यांपैकी १०० तास प्रत्यक्ष रुग्णांसोबत जातात, आणि अ‍ॅडल्ट स्कूल किंवा कम्युनिटी कॉलेजात ते कमी खर्चात होते. गुणांपेक्षा मोठे कारण वेगळेच आहे. वृद्धाश्रमात पहाटे एखाद्या अर्धांगवायू झालेल्या माणसाला कुशीवर वळवणे, त्याचे अंग पुसणे, त्याची लाज राखून त्याचे कपडे बदलणे, हे तुम्हाला जमते का आणि त्यात मन रमते का, हे एक लाख डॉलर किंवा आयुष्यातली दोन वर्षे घालवण्याआधी कळलेले बरे. माझ्यासोबत शिकणाऱ्या एका अत्यंत हुशार मुलीला हे दुसऱ्या सत्रात कळले आणि ती रडत निघून गेली. तिची जागा रिकामीच राहिली, आणि ज्या कोणाला ती मिळू शकली असती ती व्यक्ती त्या वर्षी घरी बसली.

जीवनातील परिस्थितीचा रकाना भरताना आपली माणसे एक तर संकोचाने रिकामा सोडतात किंवा नको तेवढे लिहितात. कायद्याने त्यात अपंगत्व, कुटुंबाचे कमी उत्पन्न, घरातील पहिलीच व्यक्ती कॉलेजात जाणे, शिकताना नोकरी करावी लागणे, कौटुंबिक अडचणी, निर्वासित असणे किंवा सैन्यातील सेवा अशा गोष्टी धरल्या आहेत. तुमचे आईवडील कॉलेजात गेले नसतील, तर ते निःसंकोच लिहा. हा उल्लेख त्यांचा कमीपणा नव्हे. यांतले काहीच लागू होत नसेल, तर रकाना रिकामा ठेवा. पदवीचे पाच आणि भाषेचे तीन एवढेच मिळाले तरी तुमचे ७१ गुणांचे ७९ होतात आणि गेल्या फेरीची मर्यादा ७६ होती, हे ध्यानात असू द्या. पुढच्या फेरीत ती वर सरकू शकते, म्हणूनच मी अनुभवाच्या रकान्यावरही एवढा भर देते आहे.

आता एकाच कॉलेजाच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही फ्रीमाँटमध्ये राहता आणि घराजवळचे म्हणून एकच कॉलेज निवडलेत. मुलांच्या शाळेच्या वेळा पाहता मला ते समजते. तरीही ओहलोनी, शॅबो, एव्हरग्रीन व्हॅली, डी अँझा, कॉलेज ऑफ सॅन मटेओ, ओकलंडचे मेरिट हे सारे तुमच्यापासून गाडीने जाता येण्याजोगे आहेत आणि थोडे पुढे गेले तर स्टॉकटनचे सॅन वाकीन डेल्टाही आहे. राज्यात सत्तरहून अधिक कम्युनिटी कॉलेजांत नर्सिंगची सहयोगी (दोन वर्षांची) पदवी मिळते. प्रत्येकाचे माहितीपत्रक चालू वर्षाचेच वाचा, मैत्रिणीने दिलेले दोन वर्षांपूर्वीचे नव्हे, कारण तक्ते बदलतात. काही ठिकाणी किमान अट पूर्ण करणाऱ्यांची सोडत निघते. सोडतीत तुमचा ‘ए’ आणि दुसऱ्याचा ‘सी’ सारखाच ठरतो याची चीड येईल, पण प्रत्येक फेरीत चिठ्ठी टाकणे तुमच्या हातात आहे. अर्जाची खिडकी वर्षातून एकदा किंवा दोनदा, काही आठवड्यांपुरतीच उघडते. त्या दिवसांत कॉलेजाचे गुणपत्रक पोहोचलेले नसले तर बाकी सारे व्यर्थ जाते, म्हणून ते महिनाभर आधी पाठवा आणि पोहोचल्याची खात्री करून घ्या.

जागा इतक्या कमी का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्याचे उत्तर कळले म्हणजे नकाराचा बोचरेपणा थोडा कमी होतो. विद्यार्थी वाढवायचे तर क्लिनिकल, म्हणजे रुग्णालयात प्रत्यक्ष शिकवणारे, शिक्षक वाढवावे लागतात, साधारण दहा विद्यार्थ्यांमागे एक. नर्सिंग शिकवण्यासाठी सहसा पदव्युत्तर पदवी लागते, आणि तीच पदवी असलेली परिचारिका रुग्णालयात अधिक कमावते, त्यामुळे शिक्षक मिळत नाहीत. दुसरीकडे जवळपासच्या सगळ्या नर्सिंग शाळा त्याच मोजक्या रुग्णालयांत प्रसूती आणि बालरोग विभागांच्या पाळ्या मागत असतात. वर्गाची खोली मोठी असली म्हणून जागा वाढत नाहीत.

प्रतीक्षा यादीत नाव आले तर ते नाकारू नका. ज्यांची निवड होते त्यांनी तुमच्यासारखेच चार ठिकाणी अर्ज केलेले असतात, आणि सत्र सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यातही जागा मोकळ्या होतात. तेव्हा फोन येतो आणि दोन-तीन दिवसांत लसीकरण, पार्श्वभूमी तपासणी, सी.पी.आर. कार्ड हे सारे मागतात. येथे भारतीय मुलींची एक खास अडचण होते. आपण सगळ्यांनी लहानपणी बी.सी.जी. घेतलेली असते, त्यामुळे क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी होकारार्थी येऊ शकते आणि मग छातीचे क्ष-किरण, डॉक्टरांचे पत्र यांत आठवडे जातात. डॉक्टरांना आधीच सांगून क्वांटिफेरॉनसारखी रक्तचाचणी करून घ्या, तिच्यावर बी.सी.जी.चा परिणाम होत नाही. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या यांची प्रतिपिंडे तपासून घ्या, कारण भारतातले लसीकरणाचे पुस्तक बहुतेकांना सापडत नाही. हिपॅटायटिस बी लशीचे नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात, तेव्हा ती आताच सुरू केली पाहिजे.

खासगी कॉलेजाबद्दल मी तुम्हाला भीती घालणार नाही. तशा कॉलेजांतून शिकून आलेल्या उत्तम परिचारिका माझ्या सोबत काम करतात. परंतु दर आठवड्याला फोन करणारी व्यक्ती तुमची समुपदेशक नाही, तिचे काम जागा भरणे हे आहे. तिला तीन प्रश्न लेखी विचारा: राज्याच्या नर्सिंग मंडळाची मान्यता आहे का, एसेन किंवा सी.सी.एन.ई. या नर्सिंग अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थांपैकी कोणाचे अधिस्वीकरण आहे का, आणि येथील श्रेयांक पुढे सरकारी विद्यापीठात धरले जातात का. एनक्लेक्स या परिचारिकेच्या परवाना परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात किती विद्यार्थी उत्तीर्ण होतात, हे नर्सिंग मंडळ दर वर्षी प्रत्येक शाळेच्या नावानिशी प्रसिद्ध करते. ते प्रमाण ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ नये असा नियम आहे, आणि ते तुम्ही घरबसल्या पाहू शकता.

या सगळ्यांची उत्तरे चांगली आली तरी तुमच्या परिस्थितीत मी तिकडे जाण्याचा सल्ला देणार नाही. एच-४ व्हिसावर अमेरिकेच्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदत किंवा कर्ज मिळत नाही, म्हणजे हा सारा पैसा तुमच्या बचतीतून किंवा खासगी कर्जातून येणार. पतींची नोकरी गेली तर एच-१बी व्हिसावर जास्तीत जास्त ६० दिवसांचा अवधी मिळतो, आणि त्या ६० दिवसांत घरात बचत असणे आणि नसणे यांत फार मोठा फरक पडतो. याउलट कम्युनिटी कॉलेजात राज्यातील रहिवाशाला एका युनिटला (श्रेयांकाला) ४६ डॉलर पडतात. नर्सिंगची सुमारे ४० युनिटे धरली तर शिक्षणशुल्क दोन हजार डॉलरच्याही आत राहते, पुस्तके, गणवेश आणि परीक्षांचा खर्च वेगळा. एक फेरी थांबण्याची किंमत आणि लाख डॉलरची किंमत यांची तुलना पतींसोबत कागदावर मांडून करा.

येथे एक चौकशी अवश्य करा. तुमच्या शुल्काच्या पावतीवर रहिवासी दर लागला आहे का, हे पाहा. एच-४ व्हिसा असलेल्या व्यक्तीला कॅलिफोर्नियात एक वर्षाहून अधिक काळ राहिल्याचे पुरावे दिल्यावर रहिवासी म्हणून नोंद मिळू शकते. मी स्वतः एच-४ वर होते तेव्हा खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने ‘व्हिसा म्हणजे परदेशी’ असे सांगितले, मी ते मुकाट्याने ऐकले आणि दोन सत्रे अनेक पटींनी जास्त शुल्क भरले. नंतर एका समुपदेशकाच्या सांगण्यावरून वाहन परवाना, कर विवरणपत्र आणि घराचा करार जोडून अर्ज केला तेव्हा दर बदलला, पण आधी भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. त्या दिवसापासून मी कोणत्याही खिडकीवरचे तोंडी उत्तर अंतिम मानलेले नाही.

कामाच्या परवान्याबद्दल थोडेसे. शिक्षण घ्यायला तो लागत नाही आणि क्लिनिकल पाळ्या ही नोकरी नव्हे. मात्र आर.एन. (नोंदणीकृत परिचारिका) झाल्यावर रुग्णालयात रुजू होण्यासाठी तो चालू असावा लागतो. मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, तेव्हा त्या पहिल्याच दिवसाची खूण करून ठेवा. एच-४ धारकांना मिळणारा हा परवाना २०१५ च्या केंद्रीय नियमावर उभा आहे आणि नियम बदलू शकतो. नर्सच्या सामान्य पदासाठी एच-१बी सहसा मिळत नाही. ही अनिश्चितता डोळ्यांसमोर ठेवूनही मी शिकण्याच्याच बाजूने आहे, पण ती लपवून तुम्हाला सल्ला देणे मला पटणार नाही, आणि खासगी कर्जाला विरोध करण्याचे माझे सर्वांत मोठे कारणही हेच आहे.

सासूबाईंचे म्हणणे तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलेत, तरी ते तुमच्या मनात खोल रुतलेले आहे असे मला जाणवले. त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्या पिढीने सरकारी दवाखान्यात एकेका परिचारिकेला साठ-सत्तर खाटांमागे धावताना आणि वर चार शब्द ऐकून घेताना पाहिले आहे, आणि सुनेच्या वाट्याला ते येऊ नये असे त्यांना वाटते. त्यांना पुण्याचीच आठवण करून द्या. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले आणि ससून रुग्णालयाच्या साहाय्याने घरंदाज स्त्रियांना, त्यांत अनेक विधवांना, परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले. त्या काळी त्याला केवढा विरोध झाला असेल याची कल्पना सासूबाईंना तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक येईल. येथील परिचारिका काय करते, हेही त्यांना सांगा. औषधाचा चुकलेला डोस डॉक्टरांच्या लक्षात आणून देणे, रुग्णाच्या श्वासातला बदल इतर कोणाच्याही आधी ओळखणे, रात्री तीन वाजता निर्णय घेऊन डॉक्टरांना उठवणे हे तिचे काम आहे. प्रयोगशाळेत जिवाणूंच्या संवर्धनाचे (कल्चरचे) अहवाल लिहिलेल्या बाईला प्रतिजैविक का बदलले हे समजावून सांगावे लागत नाही. तुमची एम.एस्सी. वाया जाणार नाही.

कोणी ‘दोन वर्षांची पदवी म्हणजे दुय्यम’ असे म्हणाले, तर त्याचेही उत्तर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर परिचारिकांचा तुटवडा पडला तेव्हा मिल्ड्रेड माँटॅग या नर्सिंगच्या अध्यापिकेने ही कल्पना मांडली आणि १९५२ मध्ये सात कॉलेजे आणि एका रुग्णालयात तिचा प्रयोग सुरू झाला. आज ही पदवी घेणारा आणि चार वर्षांची पदवी घेणारा एकच एनक्लेक्स परीक्षा देतात आणि त्यांना एकच परवाना मिळतो. मोठी रुग्णालये चार वर्षांच्या पदवीला प्राधान्य देतात हे खरे आहे. म्हणून नोकरी करता करता ती पूर्ण करण्याचे मार्ग आहेत, आणि काही कम्युनिटी कॉलेजे राज्य विद्यापीठाशी जोडून दोन्ही पदव्या समांतर चालवतात. अर्ज करताना अशी सोय असलेल्या कॉलेजाला झुकते माप द्या.

प्रवेश मिळाल्यानंतरच्या दिवसांची तयारीही घरात आताच बोलून ठेवा. राज्याच्या नियमानुसार नर्सिंगच्या किमान ३६ युनिटांपैकी १८ क्लिनिकल असतात आणि एका क्लिनिकल युनिटामागे आठवड्याला तीन तास धरले जातात. चार सत्रांत ते वाटले तर आठवड्याला सरासरी साडेतेरा तास रुग्णालयात, तेही अनेकदा सकाळी पावणेसातपासून. मुलांना शाळेत कोण सोडणार, ताप आलेल्या मुलापाशी कोण थांबणार, हे पतींनी कॅलेंडरवर लिहून द्यावे. बचत मोडण्याची तयारी त्यांनी मनापासून दाखवली आहे. त्यांना सांगा की तुम्हाला त्यांच्या पैशांपेक्षा मंगळवार आणि बुधवारच्या सकाळी हव्या आहेत.

पुण्यातून गुणपत्रके निघायला सर्वांत जास्त वेळ लागेल, म्हणून मूल्यांकनाचा अर्ज याच आठवड्यात भरा आणि विद्यापीठात खेपा घालू शकेल असा घरचा माणूस आजच फोन करून ठरवा. हिपॅटायटिसचा पहिला डोस आणि क्षयरोगाची रक्तचाचणी एकाच भेटीत होऊ शकते. दहावीची गुणपत्रिका बहुधा आईच्या कपाटात असेल, तिचा दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो मागवा आणि मूळ प्रत पुढच्या वेळी भारतातून येणाऱ्या कोणासोबत तरी आणवून घ्या, टपालाने मागवू नका.